हिरव्या रंगाखालची वस्ती

मी स्क्रीनला बोट लावलं आणि नगरपंचायतीचा कारकून ओरडला.

"ए बाई! हात नको लावू तिथं."

मी बोट मागं घेतलं. तो उठला, खुर्च्या पुसायचं फडकं उचललं आणि माझं बोट जिथं टेकलं होतं तेवढ्याच जागी फिरवलं. मान वाकडी करून बघितलं. परत फिरवलं. सभागृहात गावातली सगळी मोठी माणसं बसली होती. कुणीतरी फसकन हसलं.

माझ्या आधी एक अडत दुकानदार उठला होता. त्याला त्याचं गोदाम दाखवायचं होतं. त्यानं तंबाखू मळलेलं बोट त्याच काचेवर टकटक वाजवलं होतं. त्याच्यामागं कुणी फडकं घेऊन धावलं नाही.

माझे हात स्वच्छ होते. सकाळी राखेनं घासून धुतले होते. हे मी आता सांगते आहे. तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी का सांगावं? आमची जात मी इथं लिहिणार नाही. त्या फडक्याला ती कळली होती, तेवढं पुरे झालं.

मी हात पदराखाली घेतला. ह्या हातानं मी ऊस तोडते, भाकरी थापते, लेकीची वेणी घालते. तो हात मी चोरीचा माल लपवावा तसा लपवला. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती, वाटली मला. ह्याची चीड अजून जात नाही.

नकाशा काढणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आलेला. तरुण पोरगा, मऊ आवाजाचा. शहराच्या नव्या विकास आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायला ती बैठक होती आणि नकाशा समजावून सांगायचं काम त्याच्याकडं होतं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही दाखवताय तिथं काही नाहीये. हे बघा."

त्यानं चित्र मोठं केलं. वरून काढलेला फोटो. ओढा ओळखू आला, रस्ता ओळखू आला, बाभळी ओळखू आल्या. मग आमच्या भिंती दिसल्या. नुसत्या भिंती, चौकोन चौकोन, आत माती.

"थोडी पडकी बांधकामं आहेत," तो म्हणाला. "पण छप्पर एकालाही नाही. सोडून दिलेली वस्ती असावी. म्हणून आपण ती मोकळी जागा धरली आणि तिथं उद्यान दाखवलंय."

त्यानं बटण दाबलं. आमची वस्ती हिरवीगार झाली. वर लिहिलेलं, नियोजित उद्यान.

मी म्हणाले, "साहेब, ती आमची घरं हायती. आमी ऱ्हातो तिथं."

"कायम राहता?"

खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायला दोन वाक्यं पुरत नव्हती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून संचालक बोलले. हे आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक. दुष्काळानं कारखान्याचा बॉयलर थंड पडला होता, पण त्यांच्या स्वतःच्या मालमोटारी चालू होत्या. त्याच गाड्यांतून आमच्यासारखी माणसं ऊस तोडायला खालच्या मुलखात, दुसऱ्यांच्या कारखान्यांवर जात.

"आगं, सहा महिने तू कारखान्यावर असतीस," संचालक म्हणाले. "तिकडच्या नकाशात सांग की तुझं घर."

आता सगळं सभागृह हसलं. कारकूनही हसला, हातात फडकं तसंच.

मला खुर्चीवर बस म्हणायला कुणी नव्हतंच. मी दाराकडं सरकले. जाताना परत एकदा स्क्रीनकडं बघितलं. संचालकांच्या बंगल्यामागं एक लांबट करडा चौकोन होता आणि त्यावर 'इमारत' असं लिहिलं होतं. मला तो चौकोन ठाऊक होता. त्यात त्यांच्या म्हशी बांधतात. म्हशींच्या डोक्यावर पत्रा होता, म्हणून म्हशी नकाशात होत्या.

आता छपराचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमचं गाव मांजरसुंब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. पूर्वी ग्रामपंचायत होती. मग सरकारनं नगरपंचायत केली. रस्ता तोच, गटार तेच, पाण्याची बोंब तीच, पण पाटीवर शहर आलं. शहर आलं म्हणून आराखडा आला. कुठं बाजार होणार, कुठं बाग होणार, कुठून रुंद रस्ता जाणार, हे आधीच रंगवून ठेवायचं आणि मग योजनेचा निधी मागायचा. तो रंगवायला आता गल्लीबोळांतून टेप धरत फिरावं लागत नाही. ड्रोन उडवायचा, वरून फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर रेघा मारायच्या. लोक कौतुकानं सांगत होते की आपल्या गावाचा आता कॉम्प्युटरवरचा नकाशा होणार. मलाही कौतुक वाटलं होतं.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, गायरानावर. पहिली भिंत माझ्या सासऱ्यांच्या बापानं घातली. जागा आमच्या कुणाच्या नावावर नाही. आमच्याकडं दाखवायला होतं ते फक्त आमचं राहणं.

आणि दिवाळी झाली की आम्ही घराचे पत्रे उतरवतो. ही आमची रीत. माझं माहेर चकलांब्याकडचं, तिथंही हीच. घरावरचे पत्रे तेवढेच असतात, दुसरा जोड कुठून आणायचा? मागं ठेवले तर वारा नेतो, वाऱ्यानं सोडले तर चोर नेतो. आणि उसाच्या फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालून राहायचं तर डोक्यावर काहीतरी लागतंच. नुसत्या पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या कोपीतून पहाटे दव गळतं, लेकरं खोकतात. म्हणून खिळे काढायचे, डब्यात भरायचे, पत्रे गाडीला बांधायचे. चुलीवर घमेलं पालथं घालून वर दगड ठेवायचा, म्हणजे कुत्रं येऊन निजत नाही. दारात बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकायची. उन्हाळ्यात परत आलं की पत्रे चढवायचे, भिंतींना मातीचा हात द्यायचा, आणि संध्याकाळी त्याच चुलीवर भाकरी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच लोकांच्या घरांची छपरं दिवाळीनंतर निघतात. शाळेत एका पोरीला मी विचारलंही होतं, तुमचं कधी काढणार म्हणून. ती आईला सांगायला पळाली.

एरवी म्हातारी माणसं मागं राहतात. त्यांच्यासाठी दोनचार घरांवरचे पत्रे तसेच ठेवतात आणि सगळी म्हातारी तिथं एकत्र निजतात. पण सुनावणीच्या आदल्या वर्षी दुष्काळ असा की हापसा दिवाळीआधीच नुसता खडखडायला लागला. टँकरचा भरवसा नाही. म्हाताऱ्यांना मागं ठेवायचं म्हणजे तहानेनं मारायचं. म्हणून माझ्या सासूलाही, मी त्यांना आत्या म्हणते, आम्ही उचलून गाडीत बसवलं. सगळी वस्ती गेली. सगळे पत्रे गेले. नेमका त्याच हिवाळ्यात ड्रोन उडाला.

ड्रोनचा मला राग नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं दाखवलं. राग माणसांचा आहे. नगरपंचायतीतला एक एक माणूस आम्हाला ओळखत होता. मतं मागायला हेच लोक ओढा ओलांडून यायचे, आत्यांच्या पाया पडायचे, आमच्या अंगणात घोंगडीवर बसायचे. चहा नको म्हणायचे, पण बसायचे. नकाशा तयार होत होता तेव्हा ह्यांतला एक जरी म्हणाला असता की अहो, ही वस्ती आहे, माणसं तोडीला गेलीत, तर झालं असतं. तेवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही.

सुनावणीहून घरी आले तेव्हा आत्या दारात बसल्या होत्या. वस्तीनं मला पाठवलं होतं ते मी दहावीपर्यंत शिकलेली म्हणून. नवरा बबन बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. मी सगळं सांगितलं. फडक्याचं सोडून. ते सांगायला जीभ वळेना.

"तरी म्हनलं होतं, जाऊ नकु," बबन म्हणाला. "आपलं कोन आयकतंय?"

आत्यांनी वेगळंच विचारलं. "बाग करनार म्हनतेत?"

"व्हय."

"आनि बागंला पानी कुठून घालनारेत ह्ये?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मग फडक्याचंही सांगितलं. बबनचा हात शिंगावर थांबला. त्यानं तेलाची वाटी खाली ठेवली. उठून गोठ्यामागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

मी निघताना इंजिनिअरनं एक गोष्ट सांगितली होती. आराखडा मंजुरीला जाण्याआधी येत्या हिवाळ्यात एकदा परत ड्रोन उडेल, त्यात बदल दिसला तर बघू. माझ्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. येत्या हिवाळ्यात परत आमच्या भिंती उघड्या दिसल्या, तर विषय संपला. उन्हाळ्यात परत येऊ तेव्हा घराच्या जागी तारेचं कुंपण असेल आणि आतमध्ये झोपाळा.

म्हणून मी वस्तीत सगळ्यांना म्हणाले, यंदा पत्रे उतरवायचे नाहीत. घरटी एक माणूस मागं ठेवू.

"मंग फडावर डोक्यावर काय घ्यायचं? तुजा पदर?" एकानं विचारलं. बाया तोंडावर हात ठेवून हसल्या. त्याचं चुकत नव्हतं. थंडी त्यांच्या लेकरांना वाजणार होती.

खरी अडचण वेगळी होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला देतो. एकटा माणूस गेला की तो अर्धा कोयता. त्याची किंमत अर्धी, आणि इज्जत त्याहून कमी. फडावर अर्ध्या कोयत्याची चेष्टा होते. बायको पळाली का, म्हणून विचारतात. बबननं उचल घेतली होती. तेव्हा त्यानं मला विचारलं नव्हतं. कधीच विचारत नाहीत, कारण बाईचं जाणं धरलेलंच असतं.

आमचं त्यावरून लई भांडण झालं. तो म्हणाला, घर वाचवायच्या नादात खाशील काय? मी म्हणाले, घरच गेलं तर खायला बसू कुठं? तो म्हणाला, तुला त्या फडक्याचा राग हाय, घराचं निमित्त हाय. मी म्हणाले, असंल. राग असायला नको का? त्याला राग नव्हता असं नाही. त्याला रागाची सवय नव्हती.

गाडी निघायच्या दिवशी सकाळपासून वस्तीत हातोड्यांचा आवाज होता. खिळे निघत होते. निवडणूक जवळ होती, त्यामुळे संचालक स्वतः गाडीपुढं नारळ फोडायला आले. पांढरे कपडे, मागं चारदोन माणसं. मुकादम आमच्या दारापुढं आला.

"ए बबन, पत्रे काढ की बे. कावून थांबलास?"

बबन हातोडी घेऊन उभा होता. मी दारात उभी राहिले.

"पत्रा उतरनार न्हाई," मी म्हणाले. "मी बी येनार न्हाई."

मुकादमानं संचालकांकडं बघितलं. संचालक जवळ आले. हसत होते. मोठी माणसं आमच्याशी बोलताना आधी हसतात.

"काय गं? गाडीत बस. उगा सनासुदीचा खोळंबा नको."

मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ते पोटातून वर आलं.

"साहेब, ह्या जागंवर तर कुनी ऱ्हातच न्हाई. तुमच्या नकाशात मोकळी जागा हाय. मंग गाडी कुनाला न्यायला आनलीया?"

हातोड्यांचे आवाज थांबले.

संचालकांच्या हातात नारळ तसाच राहिला. त्यांचं हसणं आधी गेलं, मग तोंड लाल झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले होते आणि नजर खाली घेतली नव्हती. आतून काहीतरी मोकळं झालं होतं. इतकी वर्षं ह्या माणसापुढं आपण कशाला वाकत होतो, तेच मला त्या घडीला कळेना. तो उन्हात घामाघूम झालेला एक साधा माणूस होता.

"लई शिकलीस," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाठ करून बबनला म्हणाले, "बायकू आवर बे तुजी."

सगळी वस्ती बबनकडं बघत होती. मला वाटलं, आता हा माझ्यावर हात उचलणार. त्यानं उचलला नाही. माझ्या बाजूनं एक शब्दही बोलला नाही. त्यानं हातोडी भिंतीवर ठेवली, आपलं अंथरूण आणि कोयता घेतला आणि पत्र्याशिवाय गाडीत जाऊन बसला.

"ऱ्हा मंग," तेवढं म्हणाला.

शेजारच्या सुभद्रानं आपल्या नवऱ्याचा हात धरून त्याला छपरावरून खाली उतरवलं. तिच्या छपराचे दोन पत्रे आधीच निघाले होते, ते तिनं त्याला परत ठोकायला लावले. मग आणखी काही घरांतून बाया बाहेर आल्या, आमचेही पत्रे राहू द्या म्हणाल्या. सगळ्या नाही. वस्तीतले निम्म्याहून जास्त पत्रे त्या दिवशी गाडीवर चढले. जे गेले त्यांना मी दोष देत नाही, पण मला वाईट वाटलं आणि रागही आला. नारळ फुटला. गाडी गेली. तिकडचा कारखाना आमच्यावाचून बंद पडला नाही. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

हिवाळा वाईट गेला. दुष्काळ दुसऱ्या वर्षीही हटला नव्हता.

शहरात टँकर फिरत होता. आमच्याकडं येत नव्हता. मी विचारायला गेले तर सांगितलं, खेपा नव्या नकाशावरून ठरवल्यात आणि त्यात तुमची वस्ती नाही. नकाशा अजून मंजूर व्हायचा होता. पाणी बंद करायला मात्र तो पुरेसा झाला होता.

संचालकांच्या माळावर कारखान्यानं जनावरांची छावणी घातली होती. दावणी, चारा, वर हिरव्या जाळीची सावली, आणि पाण्याचा हौद. तिथं टँकर रोज. आम्ही बाया घागरी घेऊन तिथं गेलो. राखणदार आडवा आला.

"ह्ये जनावराचं पानी हाय."

सुभद्रा म्हणाली, "मंग आमाला बी दावनीला बांध."

तो बिचारा आमच्यासारखाच गरीब. त्यानं तोंड फिरवलं आणि विडी पेटवली. आम्ही घागरी भरल्या. त्यानंतर रोज भरल्या. रोज तो तोंड फिरवायचा. म्हशींच्या मधून वाट काढत, त्यांच्या हौदात घागर बुडवत मी किती शिव्या मनात घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पाण्याला शेणाचा वास यायचा. आत्यांना ते गाळून, उकळून द्यायचे. त्या नाक दाबून प्यायच्या.

बबनचा फोन यायचा. पाचटाच्या कोपीत राहत होता. तापानं फणफणलेला असताना एकदा म्हणाला, "थंडी लई हाय गं." एवढंच. ये म्हणाला नाही. मी जाते म्हणाले नाही. फोन ठेवल्यावर लेकीनं विचारलं, बाप कधी येणार, तर मी तिच्यावर खेकसले. डोक्यावरचा पत्रा थंडीत आकसून वाजायचा आणि मला वाटायचं, हा त्याच्या डोक्यावर असायला पाहिजे होता.

मग एका सकाळी ड्रोन आला. आधी गांधीलमाशी घोंगावल्यासारखा आवाज, मग वर एक काळा ठिपका. ज्या राहिलो होतो त्या सगळ्या अंगणात आलो. सुभद्रानं केस सारखे केले. आत्या काठी टेकत बाहेर आल्या, मान वर केली आणि काठी हवेत हलवून ओरडल्या, "हाय रं बाबा, हाय आमी! बघ नीट!"

ठिपका गेला. आम्ही हसत होतो. मला खरंच वाटलं की झालं, आता दिसलो. त्या दिवशी मी गुळाचा चहा केला आणि सगळ्यांना दिला.

दुसरी सुनावणी उन्हाळ्यात झाली. बबन परत आला होता, वाळला होता. ह्या वेळी तो माझ्याबरोबर आला आणि दारापाशी उभा राहिला. मी आत गेले, दुसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. कारकून बघत राहिला. मीही त्याच्याकडं बघत राहिले.

तोच इंजिनिअर. त्यानं आमच्या वस्तीचं चित्र लावलं. छपरं दिसत होती. ऊन पडून चमकत होती. माझं घर मला दिसलं. अंगणात आत्या दिसल्या, मुंगीएवढ्या. पण भोवती हिरवं तसंच होतं आणि आमच्या छपरांवर लाल तिरप्या रेघा मारल्या होत्या.

"लाल म्हंजी काय?" मी विचारलं.

"अतिक्रमण," तो म्हणाला. "म्हणजे बघा, मागच्या उड्डाणात इथं छप्पर नव्हतं. आता आहे. म्हणजे ही बांधकामं मधल्या काळात झाली, उद्यान जाहीर झाल्यानंतर."

"आनि पत्रे काढले आसते तर?"

"मग मोकळी जागा धरली असती."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं. मी त्याला रीत सांगितली, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतची सगळी. त्यानं ऐकून घेतलं. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला वाईट वाटतं. पण आम्हाला दिसेल ते दाखवावं लागतं." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या वाईट वाटण्याचं मी काय करू?

नगरपंचायतीचे मुख्याधिकारी मध्ये बोलले. समजुतीच्या सुरात. "असं करा, तुम्ही सगळे विनंती अर्ज द्या. आमच्याकडून अतिक्रमण झालं, गरीब आहोत, सहानुभूतीनं विचार व्हावा, असं लिहा. नियमात बसलं तर पुढं बघता येईल."

संचालक पहिल्या रांगेतच होते. या वेळी ते हसले नाहीत. वळून म्हणाले, "कर की अर्ज. साहेब भले मानूस हायेत."

मी उठले. "आमी आतिक्रमन केलं न्हाई. तसं लिहून देनार न्हाई."

"मग आमचा नाइलाज आहे," मुख्याधिकारी म्हणाले.

बाहेर बबन म्हणाला, "लिहून द्यायचं हुतं. आपलं काय जातंय?" मी त्याला म्हणाले, आपलंच जातंय. आज आपण आपल्या तोंडानं चोर आहोत असं लिहून दिलं, की उद्या लेकीला शाळेत कुणी चोराची म्हणालं तर तिनं काय दाखवायचं? ओढा ओलांडताना तो म्हणाला, "यंदाची उचल तुला इचारून घेतो."

वस्तीतल्या बऱ्याच जणांनी अर्ज दिले. सुभद्रानंही दिला. तिला दोन लहान लेकरं आहेत, ती घाबरली. अर्ज दिलेल्यांचंही अजून काही झालेलं नाही. आराखडा कुठं अडला आहे, मंजूर होणार आहे की नाही, कुणी सांगत नाही. अधूनमधून गावात बातमी येते की अतिक्रमणं काढणार. मी शूर वगैरे नाही. मला भीती वाटते, आणि भीती वाटत असताना मी हे लिहिते आहे.

पण आता मी दया मागणार नाही. आमचंही घर नकाशात घ्या हो, असं हात जोडून म्हणणार नाही. घर जागेवर आहे. चुकलाय तो नकाशा, आणि दुरुस्त व्हायचं आहे ते नकाशानं. दिवाळी झाली की गाड्या येतील, मुकादम येईल. माझ्या घराचा एक खिळा निघणार नाही. नोटीस आली तर ती घेईन, वाचीन आणि घरातच राहीन. जेसीबी आला तर आधी आम्हाला आतून बाहेर काढावं लागेल, दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत. आणि तेव्हा आमचा फोटो वरून काढून भागणार नाही. समोर उभं राहून काढावा लागेल.